पत्र्यावरचा वारा जमिनीत कसा उतरतो

[दृश्य: मे महिना. वणीहून मारेगावकडे जाणारा रस्ता. अर्धवट उभं जिनिंगचं शेड.]

कपाशीची उलंगवाडी कधीच झाली. वावरं नांगरून पडलीत. रस्त्याच्या कडेला जिनिंगचं नवं शेड उभं राहतंय. खांब लागले, कैच्या (छपराचे लोखंडी सांगाडे) चढल्या, पत्रे अजून खाली आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर जाते जाडजूड खांबांवर. आपण बघू जोड.

[दृश्य: कैचीवर बसलेला वेल्डर.]

"हवा दाबत नाई भाऊ, उचलते," तो म्हणतो. खरंय. मृगाच्या आधीचं वावधन छपरावरून जाताना पत्रा वर ओढतं. भारतीय मानक ८७५ नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग धरतं सेकंदाला ४४ मीटर. हिशोब केला तर चौरस मीटरला साधारण ११८ किलोचा जोर. म्हणजे दहा बाय दहा फुटांवर टनाच्या वर, आणि तेवढ्या पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम पन्नास किलो! छपराच्या उतारावर हा आकडा कमीजास्त होतो. कापूस उतरवायचं मोठं दार उघडं राहिलं, तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो.

ही ओढ पत्र्याच्या स्क्रूतून पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्टीत जाते, पर्लिनला कैचीशी जोडणाऱ्या तुकड्यातून, म्हणजे क्लीटमधून कैचीत, कैचीतून खांबात. जुवाची शिवळ मोडली की बैल कितीही तगडा असो, बंडी जागीच. इथंही तसंच.

[दृश्य: गसेट प्लेट, अगदी जवळून.]

इथं जरा थांबू. या सांध्यात कैचीचे तीन अँगल (इंग्रजी एलच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या) एका गसेट प्लेटवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या सपाट लोखंडी तुकड्यावर येतात. कुणी ताणलेला, कुणी दाबलेला. तिघांच्या मध्यरेषा एकाच बिंदूत मिळाल्या, तर ओढ आणि दाब तिथल्या तिथं फिटतात. पण अँगल आखूड कापला गेला आणि "बसते ना" म्हणत दोन इंच सरकवून वेल्ड मारला, की सांध्याला मुरड पडते. ती नकाशात कुठेच धरलेली नसते. वेल्डही दिसतो तेवढा कामाचा नसतो. ६ मिलिमीटरच्या वेल्डचा गळा, म्हणजे त्याची सगळ्यात कमी जाडी, धरायची ४.२.

बोल्टचं वेगळं. २० मिलिमीटरच्या बोल्टला भोक २२ चं. भार आला की प्लेट किंचित सरकते, भोकाची कड बोल्टला टेकते आणि त्याला आडवं कातरू बघते. भोक काठाला फार जवळ पाडलं असेल तर बोल्ट शाबूत राहतो, प्लेटच फाटते. गॅसनं जाळून मोठी केलेली दोन भोकं आम्हाला इथंच दिसली. दाखवली, तर मिस्त्री नुसता हसला.

[दृश्य: खांबाचा तळ.]

बेस प्लेट, चार फाउंडेशन बोल्ट. एरवी शेडचं वजन खालीच दाबतं, तेव्हा या नटांना फारसं काम नसतं. वावधनात खांब उचलू लागला की सगळी ओढ या चौघांवर. त्यांची खालची टोकं वाकवून काँक्रीटमध्ये पुरलीत, उपटून येऊ नयेत म्हणून. इथं लोखंड संपतं. पुढे वाऱ्याला धरून ठेवायला उरतं पायाच्या ठोकळ्याचं वजन आणि त्यावरची माती.

शेवटच्या खड्ड्यात दोघं जण ती माती पाणी मारून धुम्मसानं ठोकताहेत.