‘हे तू आत्ता सांगतोयस?’

एक चांगली चाललेली टीम मी चार शब्दांत बिघडवली आहे. आज मला बोलायचंय ते उच्च कामगिरी करणाऱ्या टीममधल्या नेतृत्वाच्या संस्कृतीवर. या विषयात ‘संस्कृती’, ‘नेतृत्व’ आणि ‘उच्च कामगिरी’ असे तीन वजनदार शब्द आहेत. त्यांच्या व्याख्या करत बसलो तर तास तिथंच संपेल, म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

गुरुवारी सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. मंगळवारी संध्याकाळी, लोक बॅगा आवरत असताना, टीममधला सगळ्यात नवा मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. काही बोलेना. मी स्क्रीनवरची नजर न काढताच म्हटलं, "बोल." तो म्हणाला, "सर, जुन्या ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टिममध्ये घेताना काही नोंदी दोनदा येतायत. किती, ते अजून कळलं नाहीये." मी मान वर केली आणि म्हणालो, "हे तू आत्ता सांगतोयस?" ओरडलो नाही. उलट अगदी हळू बोललो, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट. आजूबाजूला सहा-सात जण होते. कुणी वर पाहिलं नाही, पण कीबोर्डचे आवाज थांबले.

चूक सापडली, रिलीज दोन दिवस पुढं गेलं, क्लायंटनं फारसं मनावरही घेतलं नाही. त्यानंतर चार महिने आमची स्टेटस शीट, म्हणजे कामाच्या प्रगतीचा तक्ता, हिरवीगार होती. हिरवं म्हणजे सगळं वेळेवर. मी ती दर सोमवारी वर पाठवायचो आणि मनातल्या मनात खूश व्हायचो. पाचव्या महिन्यात एका रिव्ह्यूत कळलं की एक अख्खं मॉड्यूल सहा आठवडे मागं पडलंय, आणि हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. जिन्यात, पार्किंगमध्ये त्यावर चर्चा व्हायची. मी तिथं पोचलो की विषय बदलायचा. मी बोललो होतो एकाशी. धडा घेतला तो त्या बाजूच्या सहा-सात जणांनी.

तेव्हापासून कुठल्याही टीमकडे बघताना मी एकच गोष्ट शोधतो. वाईट बातमी जिथं पहिल्यांदा कळते तिथून, ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यापर्यंत जायला तिला किती वेळ लागतो? काही टीममध्ये दहा मिनिटं लागतात, काहींत तीन महिने. भिंतीवरची मूल्यं, ऑफिसबाहेरच्या सहली, टी-शर्ट हे सगळं नंतरचं.

विमानचालनाच्या क्षेत्रानं हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकलाय. २८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान पोर्टलंडला उतरायला आलं होतं. लँडिंग गिअर, म्हणजे चाकं, खाली करताना मोठा धक्का बसला आणि गिअर जागेवर पक्का बसलाय की नाही याची खात्री होईना. कॅप्टन अनुभवी होता, काळजीही योग्यच करत होता. तो जवळपास तासभर विमानतळाभोवती घिरट्या घालत राहिला. प्रवाशांची तयारी, गिअरची तपासणी, पुन्हा तयारी. इंजिनं आणि इंधनावर लक्ष ठेवणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरनं सांगितलं, अजून पंधरा मिनिटं असंच चाललं तर इंधन फारच कमी होईल. सांगितलं, पण हलक्या सुरात, एखादी माहिती द्यावी तसं. कॅप्टनच्या डोक्यात गिअर होता. शेवटी इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि विमान वस्तीत कोसळलं. १८९ पैकी १० जण गेले. त्यांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता.

इंधनाचे काटे कॉकपिटमध्ये सगळ्यांसमोर होते. माहितीची कमतरता अजिबात नव्हती. कमी पडला तो आवाज, आणि तो ऐकणारा कान. चौकशी समितीनं तेच लिहिलं. १९७९ मध्ये नासानं यावर कार्यशाळा घेतली, आणि १९८१ मध्ये युनायटेडनं आपल्या वैमानिकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. हाताखालच्यांनी आपलं म्हणणं ठामपणे कसं मांडायचं, आणि कॅप्टननं ते स्वतःहून विचारून कसं घ्यायचं. दुसरा भाग आपण नेहमी विसरतो. "अरे, बोलत जा की तुम्ही लोक!" एवढं म्हणून मोकळे होतो. ज्युनिअरला धीटपणाच्या वर्कशॉपला पाठवणं सोपं आहे. सिनिअरला ऐकायला शिकवणं महाग पडतं, कारण सिनिअरला वाटत असतं की आपण ऐकतोच.

सुरुवातीला बऱ्याच कॅप्टनांना ही थेरंच वाटली. ‘चार्म स्कूल’, म्हणजे गोड वागायला शिकवणारी शाळा, म्हणून टिंगल झाली. मग आला १९ जुलै १९८९. त्याच कंपनीचं डीसी-१०, उड्डाण क्रमांक २३२. शेपटातलं इंजिन हवेत फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. म्हणजे सुकाणू आहे, हात त्यावर आहेत, पण विमान ऐकत नाही. या अवस्थेसाठी पुस्तकात पानच नव्हतं. अल हेन्स हे कॅप्टन. प्रवाशांमध्ये डेनिस फिच नावाचे डीसी-१०चे प्रशिक्षक होते. त्यांनी मदत देऊ केली. हेन्स त्यांना ‘तुम्ही जागेवर बसा’ म्हणाले नाहीत. कॉकपिटमध्ये बोलावून घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल त्यांच्या हाती दिले. फिच दोन खुर्च्यांच्या मधे राहून एका इंजिनाला जोर देत, दुसऱ्याचा काढत विमान वळवत राहिले. इंजिन फुटल्यापासून ४४ मिनिटं विमान हवेत राहिलं. सू सिटीच्या धावपट्टीवर विमान आदळलं, मोडलं, पेटलं. २९६ पैकी १८४ जण वाचले.

हेन्स पुढं अनेक ठिकाणी सांगायचे की त्या कॉकपिटमध्ये चौघांचा मिळून १०३ वर्षांचा अनुभव होता, आणि अशा विमानाचा सराव मात्र कुणालाच एक मिनिटाचाही नव्हता. ते विचारायचे, मग मी शहाणा आणि बाकीचे अडाणी असं मी का धरावं? श्रेय ते त्या प्रशिक्षणाला द्यायचे. कॅप्टन शेवटपर्यंत हेन्सच होते, जबाबदारी त्यांचीच होती. पण ज्या क्षणी ज्याला जे जमतंय, त्या क्षणी ते त्याच्या हाती गेलं. नेतृत्वाची संस्कृती म्हणतात ती मला तरी इथं दिसते. आणि वर्षं मोजा: अपघात १९७८, प्रशिक्षण १९८१, फळ १९८९. दोन तिमाहीत ‘कल्चर बदला’ म्हणणाऱ्यांना मी ही तीन सालं कागदावर लिहून देतो.

आता कुणी म्हणेल, सगळेच चुका सांगायला लागले तर चुकांचाच ढीग दिसेल. दिसतोच! एमी एडमंडसन या संशोधिकेनं १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथं चुकांबद्दल मोकळेपणानं बोललं जात होतं. बाकी ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. म्हणून नव्या मॅनेजरच्या हाताखाली तक्रारींचा आकडा एकदम वाढला, तर त्याला लगेच धारेवर धरू नका. कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी खरं सांगतंय.

टोयोटाच्या कारखान्यांत असेंब्ली लाइनवर डोक्यावरून एक दोरी जायची. कामगाराला काही खटकलं की त्यानं ती ओढायची. दिवा लागायचा, धून वाजायची, टीम लीडर धावत यायचा. गाडी त्या टप्प्याच्या खुणेपर्यंत सरकायच्या आत प्रश्न सुटला तर ठीक, नाहीतर लाइन थांबायची. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. कामगार गैरहजर राहणं ही तिथली रोजची डोकेदुखी होती. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत, याच दोरीच्या पद्धतीनं, तो पुन्हा सुरू झाला, आणि कामगार बहुतेक तेच, युनियनही तीच. थोड्याच काळात गाड्यांचा दर्जा जपानच्या तोडीचा झाला. हेच बाकीच्या कारखान्यांत न्यायला मात्र जनरल मोटर्सला वर्षानुवर्षं जड गेलं. दोरी टांगायला एक दुपार पुरते. ती ओढल्यावर धावत येणारा काय तोंड करून येतो, ते एका दुपारीत बदलत नाही.

एक गैरसमज मात्र काढतो. हे सगळं म्हणजे गोड बोलणं नव्हे. मोकळेपणा आहे पण अपेक्षाच नाहीत, अशा टीम मी पाहिल्यात. सगळे मजेत असतात आणि काम पुढच्या महिन्यात होतं. काम कसं हवं, कधी हवं, हे स्पष्ट असलंच पाहिजे, आणि कुणी वारंवार कमी पडत असेल तर त्याला बाजूला घेऊन तोंडावर सांगितलंच पाहिजे. ते टाळणं हा त्याचं काम ओढणाऱ्या बाकीच्यांवर अन्याय आहे.

त्याहून अवघड प्रश्न हुकमी एक्क्याचा. रात्री दोनला सर्व्हर पडला की धावून येणारा, सकाळी टाळ्या घेणारा, आणि मीटिंगमध्ये इतरांना ‘एवढंही कळत नाही?’ म्हणणारा. त्याला हात लावायला मॅनेजर घाबरतात. मीही घाबरलोय, दोन वर्षं. तो गेल्यावर महिनाभर हाल झाले, हे खरंच. मग लक्षात आलं की सर्व्हर पडायचं प्रमाणच कमी झालंय. जी मुलगी आधीपासून ‘इथं गडबड होईल’ म्हणत होती, तिचं म्हणणं आता पूर्ण ऐकलं जात होतं. तिच्या अप्रेझलमध्ये मी याआधी काय लिहिलं होतं, ते काढून पाहिलं. ‘अधिक पुढाकार अपेक्षित.’

मागच्या आठवड्यात नवीन आलेला एक जण माझ्याकडे आला. रिलीजच्या आदल्या दिवशी. एक चाचणी चालवायचीच राहिली होती, त्याच्याकडून. मी आता शहाणा झालोय, त्यामुळे लगेच म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. कधी होईल, काय लागेल?" तो सांगून गेला. बाजूच्या सहकारी बाई आमच्यात बऱ्याच जुन्या आहेत. त्या हसून म्हणाल्या, "सर, वाक्य छान होतं. चेहरा मात्र जुनाच होता."