आधी काम, मग विश्वास

[दृश्य : टेबल, कोरी वही, पेन्सिल]

मोठं संकट कोसळलं की माणूस हातपाय गाळून बसतो. भेटेल तो म्हणतो, 'धीर सोडू नकोस.' हेतू चांगलाच असतो, पण नुसत्या शब्दांवर उभारी टिकत नाही.

१९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग गाजले. चुकवता न येणारे विजेचे झटके सोसलेले बरेच कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही जागचे हलेनात. असहायता शिकली जाते, असा निष्कर्ष निघाला. २०१६ साली मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे याच दोघांनी तो फिरवला. त्रास लांबला की गळून जाणं ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे. स्वतःला दुबळं म्हणत बसलेल्या प्रत्येकापर्यंत ही गोष्ट पोचायलाच हवी.

[दृश्य : वहीत लिहिणारा हात]

शिकायचं कसं? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'मला जमेल' या विश्वासाचे चार स्रोत मांडले : स्वतः तडीस नेलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहणं, भरवशाच्या माणसाचे शब्द आणि शरीराची अवस्था. यात पहिला सर्वांत भक्कम. म्हणून मन तयार होण्याची वाट पाहू नये.

काम १० ते १५ मिनिटांचं, आजच संपणारं निवडावं. 'कागदपत्रं आवरायची' हे फार मोघम झालं. 'जेवण झाल्यावर टेबलाशी बसून फक्त बँकेचे कागद वेगळे काढायचे' असं हवं. वेळ आणि जागा ठरली की टाळाटाळ कमी होते. रात्री एकच ओळ लिहावी : 'कागद वेगळे काढले. हात थरथरत होते, तरी काढले.' यातलं दुसरं वाक्य गाळू नये. खचलेलं मन 'त्यात काय मोठं?' म्हणून केलेलं काम मोडीत काढतं. किती जड गेलं ते लिहिलेलं असलं की तसं करता येत नाही.

घोळ होतो तो बऱ्या दिवशी. उत्साहात चार कामं अंगावर घेतली जातात, दुसऱ्या दिवशी उठवत नाही, आणि मन नोंद करतं : जमत नाही. बऱ्या दिवशीही ठरलं तेवढंच करावं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी निम्मं काम घ्यावं, मागची भरपाई करू नये.

कामाआधी छाती धडधडली तर ती आपल्या नालायकीची खूण वाटते. तो फक्त ताण असतो. ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं दोन-तीन मिनिटं करावं.

[दृश्य : समोरासमोर बसलेली दोन माणसं]

आणि हे एकट्यानं पेलायचं नसतं. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. सर्वांत खडतर परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक तरी खंबीर, जीव लावणारं मोठं माणूस होतं. असं एक माणूस शोधा आणि वहीतली ओळ त्याला वाचून दाखवा. दोन आठवडे झोप, भूक, रस काहीच परतत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल, तर आजच, आत्ता कुणाला तरी सांगा.