नुसता कागद देऊन भागणार नाही

मंडळी, घरात कॅन्सर निघाला की आपल्याकडं पहिलं काय करतात, तर माणसाला अंथरुणावर बसवतात. उठू नको, पाणी आणू नको, देवळापर्यंत पण रिक्षानं जा. त्यामागं माया असते, होय की, पण मी फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज बघतोय, पडून राहून पायातलं बळ जातं आणि किमोचा थकवा आणखीच अंगावर बसतो. तो थकवा झोपून जात नाही हो, थोडं थोडं चालून कमी होतो. ऑस्ट्रेलियातल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं 2018 लाच सांगितलं की व्यायाम हा उपचाराचाच भाग धरा, आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या आस्को या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं पण ट्रीटमेंट चालू असतानाच व्यायाम सुचवा म्हणून मार्गदर्शन काढलं.

2025 चं जरा सावकाश सांगतो. चॅलेंज नावाचा अभ्यास, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे 889 पेशंट, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले, ऑपरेशन आणि किमो झालेले. निम्म्यांना व्यायाम, खाणं याची माहिती छापून दिली आणि सोडलं. बाकीच्या निम्म्यांना तीच माहिती दिली, पण वर तीन वर्षं एक माणूस दिला जो सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी भेटणार, किती चाललात विचारणार, सोबत व्यायाम करून घेणार, पुढं भेटी महिन्यावर गेल्या. व्यायाम काय तर बहुतेकांचा झपझप चालणं, आठवड्यात तीन-चार वेळा, पाऊण तास ते तासभर. आठ वर्षांनी बघितलं तर व्यायामवाल्यांत 90.3 टक्के हयात, कागदवाल्यांत 83.2. म्हणजे शंभरात सात माणसं जास्त! एखादं औषध असं काही करतं तेव्हा त्याची किंमत लाखात असते. व्यायामवाल्यांत सांधे-स्नायूंच्या तक्रारी थोड्या जास्त झाल्या हे पण सांगायला पाहिजे.

मला यातनं एकच गोष्ट दिसते, फरक माणसानं पाडलाय. आणि आपल्या सीमाभागात आपण काय देतो? डिस्चार्जच्या वेळी एक कागद, तो पण कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये, मराठी आजीनं तो पिशवीत घालायचा, संपलं.

निपाणीकडची एक मावशी आली होती, आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, स्तनाचं ऑपरेशन झालेलं, हाताला सूज. कुणीतरी सांगितलं होतं वजन उचलू नको, म्हणून कळशी सुनेनं भरायची आणि हिचा हात खांद्याच्या वर जाईना. 2009 मध्ये अमेरिकेत अशा सूज असलेल्या 141 बायकांचा अभ्यास छापून आलाय, आठवड्यातनं दोनदा, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात, पहिल्या काळात शिकवणारा समोर. सूज वाढली नाही, उलट अचानक बळावण्याचे प्रकार कमी झाले. मावशीला अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीवर आणलं, हळूहळू तांब्यावर, मग केस स्वतः विंचरायला लागली. बंद गळ्याचा नवा ब्लाउज शिवून घेतला म्हणाली, जुन्यात हात जातोय आता पण.

आणि आपल्या भागात तंबाखू, म्हणून तोंडाचे कॅन्सर किती बघताय तुम्ही. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस दुखावते, खांदा खाली उतरतो, रेडिएशननंतर तोंड उघडेना होतं, दोन बोटं पण जाईनात. जबड्याचे आणि खांद्याचे व्यायाम लवकर सुरू केले तर पुष्कळ वाचतं, उशीर झाला तर फार जोर लावावा लागतो. हे घरच्यांनी पाठ करावं असं मला मनापासून वाटतं.

मात्र ताप असेल, प्लेटलेट खूप खाली असतील, हाडात पसरला असेल तर आधी डॉक्टरला विचारा. किमोनं तळपाय बधिर झालेत त्यांनी शेताच्या बांधावर चालू नका, सपाट रस्त्यावर बूट घालून चाला.

मागं वस्ताद बसलेत, त्यांनी दुपारी तालमीची जागा मोकळी असते म्हणून सांगितलंय, तिथं व्यायाम घेऊ, तर ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी जाताना आशाताईंकडं नाव द्या. येताना रिपोर्ट आणा, आणि पेशंटसोबत रोज चालेल असं घरातलं कुणीतरी एक घेऊनच या, एकट्याला पाठवू नका.