दगडाच्या पोटातला कार्बन

मित्रहो, गडचांदूर, घुग्घुसकडच्या सिमेंट कारखान्यांची धुराडी तुम्ही चंद्रपूरकर लहानपणापासून बघत आलात. त्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाचा, असंच बहुतेकांना वाटतं. खरं तर त्यातला निम्म्याहून जास्त वायू दगडाचा, म्हणजे सिमेंटसाठी भाजल्या जाणाऱ्या चुनखडीचा असतो. 100 किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली, की 56 किलो चुना हाती लागतो आणि 44 किलो वायू होऊन उडून जातो. कळीचा चुना भाजताना आपल्या पणजोबांच्या भट्टीतही हेच व्हायचं.

मी उमेदीची वर्षं सिमेंटच्या भट्टीवर काढली. निळ्या काचेतून आत पाहिलं की 1450 अंशांच्या उजेडात सुपारीएवढे गोळे कलंडत पुढे सरकताना दिसायचे. तेच क्लिंकर. ते जिप्सम घालून दळलं की झालं सिमेंट.

पूर्वी कच्च्या मालाची पातळ लापशी करून ती भट्टीत सोडत. त्यातलं पाणी उडवण्यातच केवढं इंधन जायचं! किलोभर क्लिंकरला 1300 किलोकॅलरींच्या आसपास उष्णता लागे. आता कोरडी पूड प्रीहीटरच्या मनोऱ्यातून खाली येता येता भट्टीच्याच गरम वायूंनी तापते, आणि चांगल्या कारखान्यात 700च्या घरात भागतं. उरलेल्या उष्णतेवर वीजही करतात. आमच्या क्षेत्राने हे काम मन लावून केलं, याचा मला अभिमान आहे. पण कोळसा कितीही वाचवा, दगडातला वायू निघायचा तो निघतोच. तो कमी करायचा तर गोणीतलं क्लिंकरच कमी केलं पाहिजे.

साध्या ओपीसीची, म्हणजे राख न घातलेल्या ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंटची, 50 किलोची गोणी घ्या. विजेचा हिशोब सोडला तरी तिच्यामागे साधारण 40 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. पीपीसीत, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये, औष्णिक केंद्राची राख 35 टक्क्यांपर्यंत घालता येते. 30 टक्के घातली, तरी गोणीमागे बारा-एक किलो वाचतात. राखेला तर इथे तोटा नाही. आपलं वीज केंद्र 2920 मेगावॉटचं आहे.

पण उद्या कोळशावरची वीज कमी झाली, की राखही कमी होणार. म्हणून मला एलसीथ्री, म्हणजे चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती घातलेलं सिमेंट, महत्त्वाचं वाटतं. त्यात क्लिंकर निम्मंच असतं. बाकी सुमारे 30 टक्के भाजलेली चिकणमाती, 15 टक्के न भाजलेली चुनखडी आणि थोडं जिप्सम. माती 700 ते 850 अंशांवर भाजली की पुरे, आणि तिच्यातून उडते ती मुख्यतः पाण्याची वाफ. स्वित्झर्लंडमधल्या कॅरेन स्क्रिव्हनर, क्युबातले संशोधक आणि आपल्या दिल्ली-मद्रासच्या आयआयटी यांनी मिळून यावर काम केलं. 2023मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं.

तरीही दुकानात जाऊन माणूस प्लास्टरसाठीसुद्धा "53 ग्रेडच द्या" म्हणतो, म्हणजे जास्त ताकदीचं ओपीसीच मागतो, तेव्हा जीव तुटतो. प्लास्टरला तेवढी ताकद लागतच नाही. पीपीसी सावकाश ताकद धरतं, हे खरं. त्यासाठी पाणी जास्त दिवस मारावं लागतं. ओपीसीला किमान 7 दिवस, तर पीपीसीला 10. माझ्या घराच्या स्लॅबला पीपीसीच वापरलं. सहाव्या दिवशी गवंडी मातीचे वाफे मोडायला निघाला होता. "दादा, अजून चार दिवस," म्हणत मी स्वतः पाइप धरून उभा राहिलो.