यजमानाच्या हाताला काम नको

मित्रहो, कुणाकडे जेवायला जायचं असलं की निघायच्या तासभर आधी हमखास प्रश्न येतो: रिकाम्या हातानं कसं जायचं? मग वाटेत थांबून समोर दिसेल ते उचललं जातं. देण्याची इच्छा मनापासून असते, पण जिला ती वस्तू द्यायची ती व्यक्ती त्या क्षणी काय करत असेल, हे डोळ्यांसमोर आणायचं राहून जातं.

ते आज आणू या. बेल वाजते तेव्हा गॅसवर काहीतरी शिजत असतं, एक हात ओला असतो, आधी आलेले दोघे बाहेर बसलेले असतात. अशा वेळी तुम्ही कागदात गुंडाळलेला, देठं न कापलेला फुलांचा मोठा गुच्छ पुढे करता. आता त्या बाईनं किंवा गृहस्थानं फुलदाणी शोधायची, देठं छाटायची, पाणी भरायचं आणि तोवर फोडणीकडेही लक्ष ठेवायचं. म्हणून कुठलीही भेट निवडताना मी आधी एवढंच विचारतो की ही हातात पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत यजमानाला काय करावं लागेल? काहीच करावं लागत नसेल, तर निवड बहुतेक बरोबर आहे.

फुलं मला स्वतःला फार आवडतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल थोडं जास्त बोलतो. ती द्यायचीच असतील तर भांड्यासकट द्या, सरळ टेबलावर ठेवता येतील अशी. नाहीतर सकाळीच पोचती करा, म्हणजे पाहुणे यायच्या आत ती लावून होतात. उग्र वासाची फुलं मात्र टाळा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासातून येतो. दिवसभर खपून केलेल्या स्वयंपाकावर तीव्र सुगंध पसरला तर जेवणाची मजा जाते. सुवासिक मेणबत्त्यांचंही तेच. फुलांबरोबर फळांची टोपली देण्याचीही अनेकांना सवय असते. पिकलेली केळी, सफरचंदं इथिलीन वायू सोडतात आणि त्यामुळे बरीचशी फुलं लवकर कोमेजतात. दोन्ही दिलीत तर दूर दूर ठेवायला सांगा.

आणि घरात मांजर असेल तर लिली अजिबात नको. हे मी आवर्जून सांगतो, कारण पुष्कळांना ठाऊक नसतं. लिलीची पानं, पाकळ्या, अंगावर पडून चाटले गेलेले परागकण, एवढंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतं. कुत्रा असेल तर चॉकलेटचा डबा टेबलावर ठेवून देऊ नका. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं आणि त्याला विषबाधा होते. गडद चॉकलेट जास्त घातक. तान्हं बाळ असलेल्या घरी मधाची सुंदर बाटली नेलीत, तर वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नसतो हेही सांगा. त्यात बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. शेंगदाणे, सुकामेवा, गहू यांची ॲलर्जी आहे का, कुणी पथ्यावर आहे का, मद्य चालतं का, हे एका फोनवर कळतं. असं विचारल्यानं भेटीतली गंमत जाते, असं मला वाटत नाही.

खाण्याचा पदार्थ नेत असाल तर तो आजच्या पानात वाढला जावा ही अपेक्षा ठेवू नका. यजमानानं जेवणाचा बेत आखलेला असतो, त्यात तुमचा पदार्थ घुसवणं त्याला अवघड जातं. देताना एवढं म्हणा, 'हे उद्या सकाळी तुमच्यासाठी.' थकलेल्या घरात दुसऱ्या दिवशी न्याहारीची सोय होणं हे मोठं सुख आहे, आणि हे देणारे फार थोडे असतात.

किमतीचं काय? फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की भेट जितकी महाग तितकी ती आवडेल, असं देणाऱ्यांना वाटतं. घेणाऱ्यांच्या आवडीचा किमतीशी तसा संबंध आढळला नाही. जेवणाच्या आमंत्रणाला हे जास्तच लागू पडतं. फार भारी वस्तू नेलीत तर यजमान संकोचतो, आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे येताना त्यानं काय आणायचं, हा घोर त्याला लागतो.

खरी निवड मागच्या भेटीतच सुरू होते. बोलता बोलता कुणी म्हणतं, 'आमच्याकडची सुरी बोथट झालीय', 'अमुक चहा हल्ली मिळतच नाही', 'हे पुस्तक शोधतेय'. ते घरी येऊन लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तोच चहा समोर आला की माणसाला कळतं, आपलं बोलणं कुणीतरी ऐकलं होतं. मी स्वतः अशी वही ठेवतो आणि तुम्हीही ठेवावी असा माझा आग्रह आहे. शोभेच्या वस्तूंबाबत मात्र हात आखडता घ्या. दुसऱ्याच्या घराची भिंत आपण सजवायची नसते, आणि तुम्ही पुन्हा जाल तेव्हा ती वस्तू दिसावी म्हणून त्यांना ती मांडून ठेवावी लागते.

'काही आणू नका' असं बजावलं असेल तर? ते खरं माना. 'फक्त बर्फ आण' म्हणाले तर बर्फच न्या, भरपूर न्या आणि वेळेवर न्या. फ्रान्चेस्का जिनो आणि फ्लिन यांच्या २०११ च्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: मागितलेली वस्तू मिळाली की लोकांना देणाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त आनंद होतो. आणि दुसऱ्या दिवशी चार ओळी लिहून पाठवा. 'छान झालं' एवढ्यावर थांबू नका. कुठला पदार्थ दोनदा घेतलात, कुणाशी ओळख झाली ते लिहा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये कृतज्ञतेच्या पत्रांवर प्रयोग केले. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल; प्रत्यक्षात वाचणारे त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावले होते.