जीमॅटची १३५ मिनिटं आणि एक चुकांची वही

टेबलावर जी वही दिसतेय ना, ती माझी. दोनशे पानी, कडा दुमडलेल्या, आणि आत एकही फॉर्म्युला नाही, फक्त चुका आहेत. जीमॅटची तयारी करताना जे जे प्रश्न चुकले ते सगळे हिच्यात उतरवलेत, म्हणून आता मला कोणी विचारलं की बिझनेस स्कूलच्या एंट्रन्ससाठी कोणतं पुस्तक घेऊ, रोज किती प्रश्न सोडवू, तर मी आधी ही वही पुढे करते.

कारण पहिले दोन महिने मी पण तेच केलं होतं. रोज पन्नास-साठ प्रश्न सोडवायचे, उत्तरं तपासायची, चुकलं तिथे सोल्युशन वाचायचं, "अरे हो, हे तर येत होतं मला" म्हणायचं आणि पुढचं पान उलटायचं. स्कोअर होता तिथेच.

जरा मागे जाऊ. १९५३ मध्ये नऊ बिझनेस स्कूल्सचे प्रतिनिधी एकत्र बसले, अर्ज केलेल्या मुलांची पारख करायला सगळ्यांना चालेल अशी एक परीक्षा हवी म्हणून, आणि १९५४ मध्ये ती पहिल्यांदा झाली. जीमॅट हे नाव १९७६ चं. १९९७ पासून ती कम्प्युटरवर आली आणि अडॅप्टिव्ह झाली, म्हणजे तुमच्या उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलत जाते. आत्ताचं रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. पण यात बिझनेस कुठेच विचारत नाहीत, बॅलन्स शीट नाही, मार्केटिंग नाही, गणित तर शाळेतलंच. मग अवघड काय आहे? तर तेच शाळेतलं गणित अशा पद्धतीने समोर ठेवतात की घाई करणारा माणूस बरोबर त्या खड्ड्यात पडतो.

हे पान बघा, कॅमेरा जवळ आणू.

प्रश्न डेटा सफिशियन्सीचा. एक पूर्ण संख्या आहे, ती २४ ने भागली जाते का? पहिलं विधान, ती ४ ने भागली जाते. दुसरं विधान, ती ६ ने भागली जाते. इथे संख्या शोधायचीच नसते, एवढ्या माहितीवर ठाम हो किंवा ठाम नाही म्हणता येतं का एवढंच ठरवायचं. मी काय केलं, चार सक चोवीस, दोन्ही विधानं मिळून पुरेशी, पुढे चला. वीस सेकंदही लागले नसतील आणि वेळ वाचला म्हणून बरं पण वाटलं. आता १२ घ्या. १२ ला ४ ने भाग जातो, ६ ने जातो, २४ ने जात नाही. आणि २४ घेतलं तर तिन्हींनी जातो. म्हणजे दोन्ही विधानं एकत्र करूनसुद्धा उत्तर कधी हो, कधी नाही, माहिती अपुरीच.

आता त्याखाली मी पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते वाचा: "सिली मिस्टेक, नीट वाचायला हवं." या वाक्याचा काही उपयोग नाही हो, कारण पुढच्या वेळी नेमकं काय नीट वाचायचं हे त्यात नाहीच. महिन्याभराने त्याच चुकीवर परत आपटले तेव्हा ते खोडून हे लिहिलं, "४ आणि ६ मध्ये २ कॉमन आहे. गुणाकार नको, लसावि काढ. हो वाटलं की नाही म्हणणारी एक संख्या शोध." हे मात्र पुढच्या प्रश्नात वापरता येतं. अशी नोंद करायला एका प्रश्नामागे दहा मिनिटं जातात, मग दिवसाला पन्नास प्रश्न होतच नाहीत, पंधरा होतात, आणि मला विचाराल तर पंधराच बरे.

व्हर्बलची, म्हणजे इंग्रजी वाचन आणि तर्काच्या भागाची, पानं वेगळी आहेत. पूर्वी त्यात वाक्यदुरुस्ती असायची, ती गेली, क्वांटमधली, म्हणजे गणिताच्या भागातली, भूमितीही गेली, त्यामुळे कोणी जुनी पुस्तकं दिली तर आधी हे दोन भाग बाजूला काढा, लोक अजूनही त्यात आठवडे घालवतात आणि मला खरंच वाईट वाटतं. आता व्हर्बलमध्ये राहिलं रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे उतारा वाचून उत्तरं देणं, आणि क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे छोटा युक्तिवाद तपासणं. इथे चूक बहुतेकदा एकाच जागी होते, तीन पर्याय बाद केले, दोन उरले, आणि नको तो उचलला. मग मी वहीत दोन ओळी लिहायचे, चुकीचा पर्याय मला का आवडला, आणि बरोबर असलेला मी का सोडला. वीस-पंचवीस प्रश्नांनंतर पानं उलटून पाहिली तर एकच गोष्ट परत परत दिसत होती, उताऱ्यात "काही" आणि पर्यायात "बहुतेक". माझ्या डोळ्यांना तो फरक दिसतच नव्हता, आणि हे मला कुठल्याही क्लासमध्ये कोणी सांगू शकलं नसतं.

आता वेळ. क्वांटचे २१ प्रश्न, व्हर्बलचे २३, डेटा इनसाइट्सचे, म्हणजे दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढायच्या भागाचे, २०, आणि प्रत्येकाला ४५ मिनिटं. क्वांटचा हिशोब सोपा आहे, सात प्रश्नांना पंधरा मिनिटं. सात झाले की घड्याळात तीस उरलेली हवीत, चौदा झाले की पंधरा. दर प्रश्नाला घड्याळ बघू नका, या दोनच ठिकाणी बघा. उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नाही, आणि सेक्शन अर्धवट राहिला तर स्कोअरला चांगलाच फटका बसतो, म्हणून तीन मिनिटं होऊनही वाट सापडत नसेल तर अंदाजे उत्तर द्या, बुकमार्क करा, पुढे जा. शेवटी वेळ उरला तर त्या सेक्शनमधली तीन उत्तरं बदलता येतात. सोडून देणं मला सगळ्यात जड गेलं, कारण आपण लहानपणापासून हट्टाने सोडवायलाच शिकलोय, पण एका प्रश्नावर सहा मिनिटं म्हणजे पुढच्या दोन सोप्या प्रश्नांवर पाणी, आणि हेही मी वहीत वेगळ्या रंगाने लिहायला लागले: "येत नव्हतं" निळ्याने, "येत होतं पण सोडायला उशीर केला" लाल रंगाने.

मॉकबद्दल, म्हणजे सराव परीक्षेबद्दल, थोडकंच. अधिकृत साइटवर दोन फ्री मिळतात, एक सुरुवातीला द्या, दुसरी जपून ठेवा. द्यायची तर पूर्ण १३५ मिनिटं, मध्ये दहा मिनिटांचा एकच ब्रेक, फोन दुसऱ्या खोलीत, आणि कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये. तिन्ही सेक्शन कोणत्या क्रमाने द्यायचे हे आपण ठरवतो, तोही मॉकमध्येच पक्का करा, परीक्षेच्या सकाळी नको. प्रश्न एकदम सोपा आला म्हणजे आपलं बिघडलं असं समजून घाबरायचं नाही, प्रश्न किती अवघड आहे हे बसल्या जागी आपल्याला कळत नसतं. आणि नाहीच जमलं तर १६ दिवसांनी परत देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा, स्कोअर पाच वर्षं चालतो.

शेवटच्या आठवड्यात मी नवीन काहीच घेतलं नाही. वही पहिल्या पानापासून उघडली, उत्तरावर हात ठेवला आणि प्रत्येक प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडवला. जो सुटला त्यावर तारीख टाकली, जो पुन्हा चुकला त्याचं पान दुमडलं. कडा दुमडलेल्या दिसतायत त्या त्यामुळेच, एकूण अकरा पानं. परीक्षेच्या आदल्या दिवशी फक्त ती अकरा वाचली आणि लवकर झोपले.