टाचेतला काटा आणि माझी सुई

मंडळी, सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना उठायचं असेल त्यांना खानापूरची बस तरी गाठता येईल. सुईनं वाढलेलं हाड विरघळत नाही. झिजतही नाही. इतकी वर्षं ॲक्युपंक्चर करणारा माणूस हे सांगतोय. माझ्या दवाखान्याच्या पहिल्या पाटीवर पेंटरनं आपल्या मनानं 'वाढलेले हाड कायमचे बरे' असं रंगवून टाकलं होतं. मी ती दोन वर्षं तशीच ठेवली. पेशंट येत होते ना! त्याची लाज अजून वाटते, म्हणून आज आधी हे.

वडगावच्या एक अक्का आल्या होत्या. दिवसभर यंत्रमागासमोर फरशीवर उभ्या. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकलं की उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. दहा-वीस पावलं चाललं की जरा सैल. एक्स-रे दोन्ही पायांचा काढलेला. बाजारपिशवीतून फिल्म काढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. "बघा डॉक्टर, कसला काटा आलाय." काटा, म्हणजे टाचेच्या हाडाला फुटलेलं टोक, होता खरा. पण मोठा काटा होता डाव्या टाचेत. ती टाच जन्मात दुखली नव्हती! मी तसं म्हटल्यावर अक्कांनी फिल्म उलटी करून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. चूक माझीच असणार, असा तो चेहरा.

चूक कुणाचीच नव्हती. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. सतत उभं राहून, वजन वाढून, पोटरी आखडून तो ताणला जातो, आणि बहुतेकदा दुखतो तो पट्टा. जुवाखाली बैलाच्या मानेला घट्टा पडतो ना, तसा हा काटा त्या ताणाची खूण. कित्येकांच्या टाचेत तो असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. गुडघ्याचं आणि मणक्याचंही बरंचसं असंच. कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची गुळगुळीत गादी, झिजायला लागली की शरीर सांध्याच्या कडेनं नवं हाड घालतं. ते नसेवर दाबत असेल तर गोष्ट वेगळी. हातापायातली ताकद गेली, मुंग्या हटेनात, लघवीवरचा ताबा सुटला, तर माझ्याकडे येऊ नका, थेट हाडांच्या नाहीतर मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. त्यात दिवस घालवायचे नसतात.

आता खाण्याचं. अक्कांना कुणीतरी सांगितलं होतं, कॅल्शियम साचलंय. झालं! दूध बंद, नाचणीची आंबील बंद, विड्याला चुना बंद. जेवणातल्या कॅल्शियमनं टाचेत काटा येत नाही. उलट ते कमी पडलं तर शरीर रक्तातली पातळी राखायला हाडांतूनच कॅल्शियम काढतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, आणि ती आपल्याकडे शेजारच्या दुकानात मिळते. तीळ आहेत, शेवग्याचा पाला आहे. मुतखड्याचा किंवा किडनीचा त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून. व्हिनेगर पिऊन हाड विरघळतं, हे मोबाईलवरचं ज्ञान. पोटात जळजळ होते, एवढंच. खरा फरक पडतो वजनानं. एक किलो उतरलं तर दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. कुंदा खायचा नाही असं मी बेळगावात बसून म्हणणार नाही, पण पाव किलो एका बैठकीत?

मग सुईचं काय? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात डॉ. बिजयकुमार बसू होते. पुढे बसू पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि भारतात ही विद्या त्यांनी रुजवली. महाराष्ट्रानं या पद्धतीसाठी वेगळा कायदा केला. तो सीमेपलीकडचा, आपल्या वाट्याला काय येतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं, हे प्रयोगांत दिसलंय. गुडघेदुखीत थोडा आराम पडतो, काही आठवडे टिकतो. पण खोट्या सुया टोचून तुलना केली तेव्हा फरक लहानच निघाला. म्हणून अमेरिकेतल्या सांधेरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या शिफारशींत ॲक्युपंक्चरला अटींसह जागा आहे, तर ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणारी नाइस ही संस्था सांध्यांच्या झिजेसाठी ते देऊ नका म्हणते. दोन्ही वाचूनच मी सुई हातात घेतो.

अक्कांच्या पोटरीत आणि घोट्याच्या आतल्या अंगाला आठ सुया, वीस मिनिटं. पाकीट त्यांच्यासमोर फोडलं. तुम्हीही तसंच फोडायला लावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा साखरेनं पाय बधिर झाले असतील तर आधी सांगा. दुखणं थोडं उतरलं की लगेच व्यायाम, माझा सगळा जीव त्यात आहे. अंथरुणातून उठायच्या आधी पायाची बोटं हातानं आपल्याकडे ओढायची, दहापर्यंत मोजायचं, असं दहादा. मग भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. अक्कांना मागाजवळ रबराची चटई टाकायला लावली, पायात मऊ टाचेची चप्पल. त्यावर त्या रुसल्या. अथणीच्या कातडी चपलेशिवाय त्यांनी कधी काही घातलं नव्हतं! ती चप्पल देखणी, टिकाऊ, मला स्वतःला आवडते. पण तळ सपाट आणि टणक, दुखऱ्या टाचेला ती सोसत नाही. तीन महिन्यांनी अक्का बिनलंगडता जिना चढून आल्या. श्रेय सुईचं, चटईचं की नुसत्या दिवसांचं, मला ठरवता आलं नाही. हे दुखणं बहुतेकांचं वर्षभरात आपसूकही उतरतं. पुन्हा एक्स-रे काढू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. काटा तिथंच असणार.

प्रश्न घेऊ आता. मागच्या रांगेत फिल्मची पाकिटं दिसतायत मला. ती राहू द्या. आधी चपला काढून उलट्या करा, टाच कुठल्या बाजूनं झिजलीय ते बघू.